कांद्याची निर्यातबंदी: संरक्षण कोणाला?

प्रश्न : आयातशुल्काने देशी उद्योगाला संरक्षण मिळते, हे समजते; मग कांद्यावरील निर्यातबंदीने ते कोणाला मिळते?

उत्तर : शहरी ग्राहकाला, आणि तेही शेतकऱ्याच्या पदरचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क व डिसेंबरमध्ये थेट बंदी आल्यावर परदेशी मागणी तुटली, माल देशातच साचला आणि लासलगावच्या लिलावात भाव कोसळले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी शुल्क राहिलेच, शिवाय प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य (ज्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही, ती किंमत) लागू झाले. शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ रोजी. दरम्यान परदेशी खरेदीदार पाकिस्तानसारख्या पुरवठादारांकडे वळले. बंदी उठली म्हणून तुटलेला ग्राहक लगेच परतत नाही. माझ्या मते ही हानी भावातील घसरणीहून गंभीर आहे.