सेल्फ-चेकआउटवर नवीन लागलायस? एवढं सांभाळ

भावा, गिऱ्हाईक स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरतं, ते हे मशीन. सगळी बटणं पाठ करत बसू नकोस. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या बाजारात खरेदी करणाऱ्या काकू इथं आल्या की मशीनपुढं बावरतात. बाजूला उभा राहा, "काकू, ह्या काळ्या रेघा काचेकडं करा" म्हण, आणि स्कॅन त्यांनाच करू दे. नवीन पोरं हातातनं वस्तू ओढून घेतात. माणूस ओशाळतं, परत मशीनकडं फिरकत नाही.

सुट्या भाजीवर वजनाचं स्टिकर आहे का, आधीच बघ.

पिन टाकताना मान फिरवायची. मोबाईल पुढं केला तरी पिन तू टाकायचा नाही, अजिबात नाही. पैसे कापले पण बिल निघालं नाही? लगेच दुसऱ्यांदा भरायला लावू नकोस. दुकानाला पोचले नसतील तर यूपीआयचे पैसे ५ दिवसांत परत जमा व्हायला हवेत, हे शांतपणे सांग. जमेल तुला.