शौचालयासाठी कर्ज काढू का?

प्रश्न : ताई, मी वारज्यात चार घरची धुणीभांडी करते. सासूबाई आणि माझ्या दोन मुली भोर तालुक्यात गावी असतात. घरी शौचालय नाही. सरकारचे 12 हजार बांधून झाल्यावर मिळतात म्हणे. गवंडी 27 हजार सांगतोय. एक फायनान्सवाला 30 हजार लगेच देतो, हप्ता आठवड्याला. घेऊ का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : कर्ज घ्या, पण एवढं नको आणि त्याच्याकडून नको.

माझी आई मुळशीतली. रात्री जेवताना ती पाणी प्यायची नाही, पहाटेपर्यंत बाहेर जावं लागू नये म्हणून. तांब्या भरलेला तसाच असायचा. त्यामुळे या कर्जाला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

पण तुमचा पगार महिन्याने येतो. आठवड्याचा हप्ता कुठून भराल? सासूबाई बचत गटात असतील तर तिथे 15 हजार मागा. गटात बहुधा महिन्याला शेकडा दोन व्याज असतं. एकच विचारा, व्याज शिल्लक रकमेवर की मूळ रकमेवर? वर्षात फेडलंत तर शिल्लक रकमेवर 1,950 रुपये व्याज होतं, मूळ रकमेवर 3,600. दर तोच बरं का!

खड्डा खणायच्या आधी ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भेटा. स्वच्छ भारत मिशनचं हे अनुदान 2014 पासून आहे, पण सगळ्यांना नाही. दारिद्र्यरेषेखालच्या, भूमिहीन, अल्पभूधारक अशा कुटुंबांना मिळतं. तुम्ही बसता का ते पाहा, अर्ज द्या, पोच घ्या.

27 हजारांत गवंड्याने सेप्टिक टँक धरला असणार. तो उपसायला गाडी लागते, वाडीत ती येणार कुठून? दोन शोषखड्डे करा. विटांचं बांधकाम जाळीदार, मधे फटी ठेवून, तळ मोकळा. एक भरला की दुसरा सुरू. पहिला दीड-दोन वर्षं बंद राहिला की त्याचं खत होतं. खड्डे घरच्यांनी खणले की मजुरी वाचते. तुमच्याकडे पाऊस फार, म्हणून खड्ड्यांची तोंडं जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, आणि विहिरीपासून तीस-चाळीस फूट तरी लांब. भांडं ग्रामीण पॅनच घ्या, जास्त उताराचं. दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं.

हे पाण्याचं मनावर घ्या. एका वाडीत मी नवं कोरं शौचालय उघडलं तर आत छतापर्यंत गोवऱ्या! साध्या पॅनला बादलीभर पाणी लागायचं आणि उन्हाळ्यात हंडा डोक्यावरून आणायचा. बाई पुन्हा ओढ्याकडे जायला लागली होती, हप्ता मात्र चालू होता.

अनुदान खात्यात आलं की त्याच आठवड्यात गटात भरा. घरात राहिलं तर लग्नाकार्यात जातं.

दाराला आतून कडी लावा. ती किती उंचीवर हवी ते धाकटीला उभं करून ठरवा.