रणगाड्याच्या आत दीडशे बटणं, पण चालणारं एकही नाही

प्रश्न : मी अहिल्यानगरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टी-९० रणगाड्याचं आतलं मॉडेल करतोय, निम्मं झालंय. फोटो जोडले आहेत. सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीत काम करायची इच्छा आहे. डिप्लोमा सोडून पुण्यात अॅनिमेशनचा कोर्स करू का? वडील म्हणतात, हा नुसता गेमचा नाद आहे.

उत्तर : डिप्लोमा सोडू नकोस. तू ज्या कामाच्या मागे आहेस, त्यात तुझी खरी पुंजी डिप्लोमाच आहे.

फोटो पाहिले. बोल्ट, केबल, कडांना उडालेला रंग, सगळं झकास जमलंय. पण हे मॉडेल म्हणजे देखावा आहे. दीडशे बटणं आहेत आणि एकही काही करत नाही. चांगलं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचा रंग आणि पोत, करणारी मुलं पुष्कळ मिळतात. क्लच सोडल्यावर इंजिनाचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) का पडतात हे समजून ते मॉडेलमध्ये उतरवणारी फार कमी. सिम्युलेटरवर शिकणाऱ्या ड्रायव्हरला बोल्टची चमक नको असते. लिव्हर ओढल्यावर गाडी खऱ्यासारखी वागली पाहिजे, नाहीतर तो चुकीची सवय घेऊन खऱ्या रणगाड्यात बसेल.

आधी रणगाडा बदल. टी-९० आज आपल्या सैन्यात आहे. त्याच्या आतल्या यंत्रणांची खात्रीची माहिती तुला उघडपणे मिळणार नाही, आणि कुठून मिळालीच तर तिला हात लावू नकोस. २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या खेळाच्या एका खेळाडूने मॉडेल चुकलंय हे पटवण्यासाठी चॅलेंजर २ या ब्रिटिश रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानं ऑनलाइन टाकली होती. आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. पोर्टफोलिओत असलं काही दिसलं तर संरक्षण क्षेत्रातली कंपनी दुसऱ्यांदा फोन करणार नाही.

शर्मन घे, त्यातला एम४ए३. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा, त्यामुळे त्याच्या देखभालीच्या पुस्तिका (एम४ए३ साठी टीएम ९-७५९) आज खुल्या आहेत. वेल्डिंगचा पोत आणि लोखंडाची जाडी डोळ्यांत बसवायला तुझ्या गावातलंच रणगाडा संग्रहालय आहे. फोटो काढण्याआधी तिथे परवानगी विचार.

पूर्ण रणगाडा करू नकोस. फक्त ड्रायव्हरची जागा कर : पुढे, डावीकडे. दोन स्टिअरिंग लिव्हर, डाव्या पायाला क्लच, उजव्या पायाला अॅक्सिलरेटर. ब्रेकचं पेडल नाही, गाडी थांबवायला दोन्ही लिव्हर एकदम ओढायचे. हे माहीत नसलेली मुलं हमखास तिसरं पेडल काढतात. ड्रायव्हरच्या उजवीकडे गिअरबॉक्सचं धूड. इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे, म्हणून दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) तळाखालून येतो. शर्मन इतका उंच दिसतो त्याचं हे एक कारण.

आता हिशेब, इथे तुझा डिप्लोमा कामी येतो. पाच गिअरची गुणोत्तरं ७.५६, ३.११, १.७८, १.११ आणि ०.७३. गिअरबॉक्सच्या पुढे वेग आणखी उतरवणारे दोन टप्पे : डिफरन्शिअल ३.५३, फायनल ड्राइव्ह २.८४. स्प्रॉकेटचा, म्हणजे ट्रॅक (पट्टा) ओढणाऱ्या दातेरी चाकाचा, पिच व्यास सुमारे ६३६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जवळपास २ मीटर पुढे जाते. इंजिनाची मर्यादा २६०० आरपीएम. पाचव्या गिअरमध्ये २६०० ला (०.७३ × ३.५३ × २.८४) ने भाग : स्प्रॉकेटचे ३५५ फेरे, मिनिटाला ७१० मीटर, ताशी साडेबेचाळीस किलोमीटर. या रणगाड्याचा नोंदलेला कमाल वेग ताशी २६ मैल, म्हणजे ४२ किलोमीटर. जुळलं. पहिल्या गिअरमध्ये हाच हिशेब जेमतेम ४ किलोमीटर देतो, दुसऱ्यात १०. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम २६०० वरून थेट १०७० च्या आसपास कोसळतात. तुझ्या मॉडेलमध्ये काटा तसा पडला नाही, तर कोडमध्ये तू वेग थेट लिहिला आहेस, टॉर्क (फिरवणारा जोर) इंजिनापासून स्प्रॉकेटपर्यंत नेलेला नाही. टॉर्कचा आलेख पाच-सहा बिंदूंचा पुरे. त्याचा माथा २२०० आरपीएमला, सुमारे १४०० न्यूटन-मीटर.

वळण्यात तर बहुतेक जण फसतात. शर्मनला कंट्रोल्ड डिफरन्शिअल आहे. डावा लिव्हर ओढला की डावा ट्रॅक थांबत नाही, फक्त मंदावतो, आणि उजवा तेवढाच वेग घेतो. म्हणून हा रणगाडा जागच्या जागी गिरकी घेत नाही. वळायला त्याला ६२ फूट, म्हणजे जवळपास १९ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. टी-७२ या सोव्हिएत रणगाड्याचं तंत्र वेगळं : दोन्ही बाजूंना स्वतंत्र गिअरबॉक्स, लिव्हर ओढला की त्या बाजूला एक गिअर खाली. एकाचा कोड दुसऱ्याला चिकटवता येत नाही. मुलाखतीत नेमका हाच फरक विचारला तर नवल नाही.

सॉफ्टवेअरमधले खड्डे थोडक्यात. ब्लेंडर आणि युनिटी हे गेम इंजिन (मॉडेल चालतं करणारं सॉफ्टवेअर) मीटरमध्ये मोजतात, अनरिअल हे दुसरं गेम इंजिन सेंटिमीटरमध्ये. निर्यातीआधी स्केल आणि रोटेशन ‘अप्लाय’ केलं नाहीस तर लिव्हर तिरक्या अक्षावर फिरेल. डायलच्या काट्याचा ओरिजिन (फिरण्याचा केंद्रबिंदू) त्याच्या खिळीवर ठेव. तो मधोमध राहिला की काटा पंख्यासारखा फिरतो. युनिटीत कॅमेऱ्याचं निअर क्लिप (याहून जवळचं तो दाखवत नाही) सुरुवातीला ०.३ मीटर असतं, त्यामुळे नाकासमोरचा डायल गायब होतो. ते ०.०२ वर आणलंस की दूरची टेकडी आणि रस्ता एकमेकांत लुकलुकायला लागतात. उपाय दोन कॅमेऱ्यांचा, एक आतल्या भागाला आणि एक बाहेरच्याला. पेरिस्कोपच्या काचेत बाहेरचं दृश्य दाखवायचं तर ते पुन्हा रेंडर होतं, त्यामुळे मशीन रडायला लागतं. रिझोल्यूशन कमी ठेव, आणि नजर तिकडे असेल तेव्हाच चालू कर.

आता नोकरी. लष्करी ट्रेनिंग सिम्युलेटर बनवणाऱ्यांत हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज आहे. पण एकाच दारावर बसून राहू नकोस. क्रेन, खाणीतले डंपर, ट्रक यांच्या सिम्युलेटरलाही हेच कौशल्य लागतं, आणि पुण्यातल्या वाहन उद्योगात हेच काम सिम्युलिंक या गणिती मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. व्हीआरडीई ही डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांची प्रयोगशाळा तुझ्या गावातच आहे. डीआरडीओ आपल्या ‘सेप्टम’ या भरती केंद्राच्या परीक्षेतून वरिष्ठ तंत्र सहायक भरते तेव्हा डिप्लोमावाले पात्र असतात, जाहिरातीवर लक्ष ठेव. डिप्लोमा चांगल्या टक्क्यांनी झाला तर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तेही गणितात धर.

अॅनिमेशन कोर्सची फी तूर्त वाचव. ब्लेंडर फुकट आहे, युनिटीची वैयक्तिक आवृत्ती शिकण्यापुरती फुकट मिळते. युनिटीत कोड लिहायच्या सी-शार्प भाषेला मात्र रोज तासभर दे. ती तुझी सध्याची लंगडी बाजू आहे. पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला हाच विषय मागून बघ, म्हणजे रात्रीचा नाद दिवसाच्या गुणांत धरला जाईल. वडिलांना चमकदार रेंडर दाखवू नकोस, गुणोत्तरांचा वरचा हिशेब कागदावर करून दाखव.

कंपनीला पाठवायचा व्हिडिओ दीड मिनिटाचा कर. सुरुवात क्लच दाबून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकण्याने. डायल चौकटीत दिसू दे, शेजारी कोपऱ्यात वहीतला हिशेब आणि मॉडेलने दिलेला वेग असे दोन आकडे असू देत. जिथे जुळत नाहीत तिथे किती फरक आणि का, तेही लिही.