विमा मुलाचा, पगार बापाचा

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आहे. वय 46, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम, पगार 34 हजार. घरी पत्नी, आई आणि डिप्लोमा करणारा मुलगा. ते विचारतात: ‘मुलाला गेमिंगसाठी कॉम्प्युटर हवाय. प्रोसेसर रायझन 5 5600 घेऊ की इंटेलचा आय5-12400एफ? ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3050 की आरएक्स 6600? बजेट 65 हजार. बोनसचे 15 आहेत. मुलाच्या पॉलिसीचा 50 हजारांचा चौथा हप्ता आता आलाय, तो यंदा भरत नाही. मुलगा म्हणतो, यूट्यूबवर चॅनेल काढून वर्षात पैसे वसूल करीन.’

प्रोसेसरवर डोकं शिणवू नका. दोन्हींत 6 कोअर आणि 12 थ्रेड आहेत, तुमच्या बजेटात गेम खेळताना फरक कळणारही नाही. मदरबोर्ड धरून जो स्वस्त पडेल तो घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. कार्डांत आरएक्स 6600 उजवं. 3050 नावाने दोन कार्डं विकली जातात: 2022 चं 8 जीबीचं आणि 2024 मध्ये आलेलं 6 जीबीचं. दुसरं नुसतं मेमरीने कमी नाही, वेगानेही कमी आहे. नाव तेच, माल दुसरा.

हाच प्रकार तुमच्या बाबतीत आधी एकदा झालाय. तुम्ही बँकेत एफडी करायला गेलात आणि 20 वर्षांची पॉलिसी घेऊन आलात. दहा वर्षं 50-50 हजार भरायचे. पत्रासोबतचे कागद मी वाचले. विमा आहे 5 लाखांचा, तोही मुलाच्या जिवावर. हप्तामाफीचा रायडर, म्हणजे बाप गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोडसोय, नाही. म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर घरात एक रुपया येणार नाही, उलट पुढचा हप्ता कोणी भरायचा हा प्रश्न येईल. ज्याच्या पगारावर चार माणसं जेवतात त्याचा विमाच नाही, आणि जो अजून कमवत नाही त्याचा आहे. हे ज्याने विकलं त्याला कमिशन मिळालं, तुम्हाला कॅलेंडर मिळालं असेल.

कागदांत 20 वर्षांनी 9 लाख मिळतील असं दाखवलंय, पण ते हमीचे नाहीत. पॉलिसीच्या अंदाजाच्या तक्त्यात 8 टक्के आणि 4 टक्के परतावा धरून केलेले दोन रकाने असतात. तुम्हाला 8 चा दाखवला, शेजारचा 4 चा तुम्हीच पाहा. आणि 9 लाख खरे धरले तरी 5 लाख भरून सरासरी पंधरा-सोळा वर्षांनी 9 मिळणं म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या आतबाहेर.

हप्ता न भरण्याचा तुमचा विचार बरोबर आहे, कारण मात्र चुकलंय. आणि ‘यंदा चुकवतो’ असं अर्धवट करू नका. तीन हप्ते भरलेत, तेव्हा दीड लाख बुडत नाहीत. चौथ्या ते सातव्या वर्षात पॉलिसी मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान 50 टक्के मिळायला हवेत, म्हणजे 75 हजार. शाखेतून सरेंडर व्हॅल्यू (आत्ता मोडली तर हातात येणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारी रक्कम) दोन्ही लेखी मागा. ‘आत्ता मोडलीत तर नुकसान’ असं सांगतील. नुकसान तीन वर्षांपूर्वीच झालंय.

आता आकडे. 75 हजार थेट पीपीएफमध्ये. दरवर्षीच्या 50 हजारांतले 18 हजार तुमच्या स्वतःच्या 50 लाखांच्या टर्म विम्याला (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा), वयाच्या साठीपर्यंत. (तब्येत आणि कंपनीनुसार हा आकडा दोन-तीन हजारांनी इकडेतिकडे होईल. अर्जात बीपी, शुगर, तंबाखू काहीही लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.) उरलेले 32 हजार पीपीएफला. सध्याच्या 7.1 टक्क्यांनी, हप्त्यांची उरलेली सात वर्षं भरून, सतराव्या वर्षी, म्हणजे पॉलिसी संपली असती तेव्हा, सव्वाआठ लाखांच्या आसपास. पॉलिसीच्या स्वप्नातल्या 9 लाखांपेक्षा थोडे कमी, आणि सात वर्षांनंतर टर्मचा हप्ता पगारातून द्यावा लागेल. पण मधली चौदा वर्षं तुमच्यामागे घरच्यांसाठी 50 लाख उभे असतील.

यंदाचे 32 हजार कॉम्प्युटरला दिलेत तर सतराव्या वर्षी लाखभर कमी दिसतील. ते मला चालेल, मुलाची हौसही खर्चातच धरायची. बोनस धरून 47 हजार झाले. 65 चा विषय सोडा, ते तसेही पुरले नसते, कारण तुमच्या यादीत स्क्रीन आणि यूपीएस दिसतच नाहीत. तेव्हा वरचे दोन्ही प्रोसेसर आणि कार्ड तूर्त बाजूला ठेवून रायझन 5 5600जी घ्या. ‘जी’ म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंटसारखा गेम कार्डाशिवाय चालतो. रॅम 8-8 जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या, एकाच 16 च्या पट्टीत नको, आतलं ग्राफिक्स त्यावरच पळतं. पॉवर सप्लाय मात्र आत्ताच 550 वॅटचा चांगला घ्या, म्हणजे पुढे कार्ड बसवता येईल. कॅबिनेट हवेशीर हवं, सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको.

चॅनेलचं म्हणाल तर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं जाणं लागतं. (शॉर्ट्सचा मार्ग वेगळा, 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज.) ते वर्षात जमलं तर आरएक्स 6600 तुम्ही घेऊन द्या. नाही जमलं तर ते त्याने स्वतःच्या पहिल्या पगारातून घ्यावं.