आमचंच घर का?

"मॅडम, महापुरात सगळं घर गेलं, तेव्हासुद्धा मी अशी झाले नव्हते हो."

घरफोडीनंतर माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या काकूंचं हे पहिलं वाक्य. मी पुढे केलेली खुर्ची त्यांनी फिरवून घेतली, कारण तिथं बसलं की दाराकडे पाठ होत होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या पर्समध्ये घरात उरलेलं सोनं होतं, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. दोन महिने त्या भाजीला, देवळात, अगदी अंघोळीला जातानाही ती पर्स बरोबर नेत होत्या.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला काकूंची परवानगी आहे. "लिहा, पण कोयंड्याचं नक्की लिहा," अशी अट घालून त्यांनी ती दिली.)

मूळच्या त्या सांगलीच्या गावभागातल्या. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं 45 फुटांची. काकूंच्या घरात छातीएवढं पाणी होतं. लग्नातले फोटो, गाद्या, धान्याच्या कोठ्या, सगळ्याचा चिखल झाला. त्यानंतर काकांनी मन घट्ट करून विश्रामबागेच्या बाजूला उंचावर छोटंसं रो-हाउस घेतलं. इथं पाणी येत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी.

पाणी आलं नाही. मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला दोघं पुण्याला गेली, दोन रात्री राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेजारच्या वहिनींचा फोन: "काकू, तुमचा कोयंडा उचकटलेला दिसतोय, मी आत गेले नाहीये." वहिनींनी हे फार शहाणपणाचं केलं. आत कुणी असू शकतं, आणि कुठं हात लावला तर ठसे जातात. त्यांनी 112 लावला आणि अंगणातच थांबल्या.

पाटल्या, मोहनमाळ, सासूबाईंची ठुशी, थोडी रोकड आणि देव्हाऱ्यातला चांदीचा रांगता बाळकृष्ण. पंचनामा झाला, ठसेतज्ज्ञ आले, श्वान कोपऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. फिर्याद नोंदली गेली. काका म्हणत होते, "तक्रार करून काय मिळणार आहे?" पण मुलीनं आग्रह धरला ते बरं झालं. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, आणि पुढे काही सापडलंच तर सगळं तिथून सुरू होतं.

काका हळदीच्या अडतीतले, हिशेबाचे पक्के. किती गेलं ते त्यांनी तोळ्यावर मांडलं आणि "सोनं काय, पुन्हा करू" म्हणून स्वतःपुरता विषय मिटवला. काकूंचा मिटेना. त्यांना सोन्यापेक्षा साड्यांचा त्रास होत होता. कपाटातल्या सगळ्या साड्या जमिनीवर पडलेल्या होत्या. धुता येतील तेवढ्या त्यांनी तीन-तीनदा धुतल्या. पैठणीवर बुटाचा ठसा होता. ती धुता येईना, नेसवेना, टाकवेना. पिशवीत घालून माळ्यावर ठेवली.

रोज पहाटे तीनला जाग. चोर नक्की कधी आले ते कुणालाच माहीत नव्हतं, पण काकूंच्या मनानं तीन ही वेळ ठरवून टाकली होती. मग फेरी: पुढचं दार, स्वयंपाकघराचं दार, गच्चीचं दार, पुन्हा पुढचं. नऊ-दहा वेळा. "मॅडम, मला वेड लागतंय का? चोर आले तेव्हा मी तर घरातसुद्धा नव्हते. मला कुणी हातसुद्धा लावला नाही. मग मीच का अशी?"

हा प्रश्न मला घरफोडीनंतर येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती विचारते, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. वेड लागत नाहीये. आपण झोपतो, कपडे बदलतो, देव ठेवतो त्या जागेत कुणी परकं माणूस आरामात फिरून गेलं, हे कळल्यावर शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. आवाजाला दचकणं, झोप उडणं, भूक जाणं, विनाकारण चिडचिड, पहिले काही आठवडे हे होतंच. बहुतेकांचं आपोआप ओसरत जातं. महिना उलटून गेल्यावरही ओसरत नसेल, वाढत असेल, घरात राहावंसंच वाटत नसेल, किंवा केव्हाही जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नये. रात्रीअपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. काकूंना दोन महिने झाले होते, म्हणून मीही त्यांना एकदा डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि बाकीचं काम माझ्याकडे परत पाठवलं.

आणि माझ्याकडून पहिल्याच भेटीत चूक झाली. काकूंनी विचारलं, "ते परत येतील का?" मी पटकन म्हणाले, "छे, एकदा झालं की पुन्हा कशाला येतील?"

"कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण उलटं होतं. गुन्हेशास्त्राच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलंय की एकदा फोडलेल्या घराला, आणि त्याच्या आसपासच्या घरांनाही, पुढचे काही आठवडे धोका जास्त असतो. घराची रचना माहीत झालेली असते, आणि गेलेल्या वस्तू लोक नव्या आणतात हेही माहीत असतं. काकूंची भीती अगदीच निराधार नव्हती आणि मी तिला गोड बोलून झाकायला निघाले होते. पुढच्या भेटीत मी माफी मागितली आणि विचारलं, "कोयंडा बदललात का?"

नव्हता बदलला. उचकटलेलाच ठोकून बसवला होता, त्याच भोकांत, त्याच स्क्रूंनी! दोन महिने काकू रात्रीतून दहा वेळा जो कोयंडा तपासत होत्या, तो एका हिसक्यात निघाला असता. अशा वेळी दीर्घ श्वास घ्यायला सांगण्यात काय अर्थ? आधी सुतार.

दोघांना मी एक काम दिलं. दिवेलागणीला घराबाहेर पडायचं, रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं आणि स्वतःच्या घराकडे चोरासारखं बघायचं. काका हसले. काकू हसल्या नाहीत, पण वही घेऊन आल्या. लग्नाला गेले होते त्या दिवसांत घर बाहेरून कसं दिसत होतं, तेही तिच्यात होतं. ती वही मी अजून विसरलेले नाही.

दाराला बाहेरून भलंमोठं पितळी कुलूप. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते एकच सांगतं, की घरात कुणी नाही. दाराच्या आत बसणारं, किल्लीनं बाहेरूनही फिरणारं कुलूप असलं की घरात माणूस आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. कोयंडा चार छोट्या स्क्रूंवर, चौकटीचं लाकूड भुसभुशीत. कटावणीला कुलूप तोडावं लागतच नाही, ती कोयंडाच उपटते. म्हणून कुलपावर हजार रुपये घालण्याआधी चौकटीत आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी. पोर्चमधला दिवा दोन दिवस, दोन रात्री चालू. आपण तो चोराला भीती वाटावी म्हणून ठेवतो, पण भर दुपारी जळणारा दिवा मालक गावाला गेल्याचंच सांगतो. संध्याकाळी लावून सकाळी मालवायला शेजारी हवा, नाहीतर हालचालीवर लागणारा दिवा हवा. दारात तीन दिवसांचे पेपर, कडीला दुधाच्या पिशव्या. मागच्या बाजूला रंगाऱ्याची शिडी, जिच्यावरून गच्चीत जाता येतं, आणि गच्चीच्या दाराला नुसती आतली कडी. बाथरूमच्या खिडकीला हातानं निघणाऱ्या काचेच्या पट्ट्या.

वहीत शेवटी, वेगळ्या अक्षरात, काकांनी लिहिलं होतं: "माझं स्टेटस." पुण्याला पोचल्या पोचल्या त्यांनी मंगल कार्यालयातले फोटो व्हॉट्सॲपवर टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, 'दोन दिवस मुक्काम'. काकांच्या फोनमध्ये अडतीतले, बाजारातले, एकदाच भेटलेले असे कितीतरी नंबर.

कॅमेऱ्याबद्दल काका फार उत्साही होते. लावा म्हटलं, पण त्याचं रेकॉर्डिंग होतं तो डबा टीव्हीखाली ठेवू नका. चोर जाताना तोही उचलून नेतात. आणि पर्समधलं सोनं उद्याच्या उद्या बँकेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022पासून लागू असलेल्या नियमांनुसार लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. म्हणजे पूर्ण किंमत मिळेलच असं नाही, तरी खांद्याला लटकवून मंडईत फिरण्यापेक्षा ते बरं. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मुलीकडे पाठवून ठेवा म्हटलं. गेलेल्या ठुशीचा एकही फोटो नव्हता. शेवटी कुणाच्या तरी मुंजीतल्या फोटोत सासूबाईंच्या गळ्यात ती सापडली.

सुतार येऊन गेल्यावर मग आम्ही रात्रीच्या फेरीकडे वळलो. साडेदहाला एकच फेरी, दोघांनी मिळून. कडीला हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "लागली." त्यानंतर जाग आली तरी उठायचं नाही. जीव कासावीस होतो, ती कासाविशी वाढते, आणि उठून गेलो नाही तर आपली आपण खाली येते. उठून तपासलं की त्या क्षणापुरतं बरं वाटतं, आणि मन शिकतं की तपासलं म्हणूनच वाचलो. पुढची भीती मग अजून लवकर येते. काकांनाही नियम: रात्री "कडी लावली ना हो?" असं विचारलं तर "हो गं" म्हणायचं नाही. "साडेदहाला बघितलंय" एवढंच. हे त्यांना फार जड गेलं. चाळीस वर्षं "हो गं" म्हणायची सवय.

तीन आठवड्यांत फेऱ्या दोनवर आल्या. तीनची जाग मात्र जाईना. आणि एक दिवस काकू पुन्हा महापुरावर आल्या.

"पूर सगळ्यांच्या घरात शिरला हो मॅडम. आमच्यापेक्षा जास्त गेलेली माणसं होती, एकमेकांच्या गाद्या उन्हात टाकल्या आम्ही. हे मात्र फक्त आमच्याच घरात आले. आमचंच घर का? कुणीतरी माहितीतलंच असणार ना?"

मग थांबल्या. बराच वेळ. पोलिसांनी त्या सकाळी नेहमीचा प्रश्न विचारला होता, कुणावर संशय आहे का? काकूंच्या तोंडून घरकामाला येणाऱ्या मावशींचं नाव गेलं. अकरा वर्षं येत होत्या. महापुरानंतर चिखल काढायला पाण्यातून चालत आल्या होत्या. चौकशी झाली, काही निघालं नाही. मावशी त्यानंतर आल्या नाहीत, उरलेला पगार न्यायलासुद्धा.

मी काकूंची वही त्यांच्याच पुढे उघडून ठेवली. कुलूप, दिवा, पेपर, शिडी, स्टेटस. यातलं चोरांनी नेमकं काय हेरलं ते मला सांगता येणार नाही. पण घर ओळखीचं नसतानाही निवडलं जावं, एवढं सगळं रस्त्यावरून दिसत होतं. 'आमचंच घर का' याचं उत्तर आपण माणसांत शोधत राहतो, कारण कोयंड्यापेक्षा माणसावर राग धरणं सोपं जातं. ओळखीतलं कुणी चोरीत असतच नाही असं मी म्हणत नाही, ते बघायचं काम पोलिसांचं. पण पुरावा नसताना घेतलेलं नाव मागे घेता येत नाही, हे काकूंना माझ्या आधीच कळलेलं होतं. पहाटे तीनला त्यांना दार दिसत नव्हतं, मावशी दिसत होत्या.

त्या मावशींच्या घरी गेल्या. जा असं मी सांगितलं नव्हतं, अजून थोडं थांबावं असंच मला वाटत होतं. मावशींनी बसायला सतरंजी टाकली, चहा केला. काकूंनी पगाराचं पाकीट पुढे ठेवलं आणि "चुकलं माझं" म्हणाल्या.

मावशी म्हणाल्या, "अर्धा तास पोलिसांची गाडी हुबी हुती दारात. अजून गल्लीतली पोरं चोर-पोलीस खेळत्यात, तर माझ्याच पोराला चोर करत्यात. तेवढं त्यांना सांगता आलं तर बघा."

काकू त्या गल्लीत चार दारं फिरल्या. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की नाव मी घेतलं होतं आणि ते खोटं होतं. काका बरोबर होते. मावशी कामाला परत आल्या नाहीत. त्यांना दुसरं काम मिळालंय, आणि मला वाटतं ते ठीकच आहे.

काकू आता सलग साडेपाचपर्यंत झोपतात, बहुतेक रात्री. दिवाळीत चार दिवस मुलीकडे जाऊन आल्या. पेपर बंद केला होता, चावी वहिनींकडे होती, काकांनी फोटो परत आल्यावर टाकले. पैठणी अजून माळ्यावरच आहे.

गेल्या महिन्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. दुसऱ्या कुठल्याशा गुन्ह्यात पकडलेल्यांकडे सोन्याची लगड मिळाली आहे, त्यात यांच्याही चोरीतलं सोनं असल्याचं तपासात दिसतंय, ताबा हवा असेल तर न्यायालयात अर्ज करा. काकांनी वकील गाठला, मुंजीतला फोटो, जुन्या पावत्या जमवल्या. काकूंनी मला फक्त एवढंच विचारलं, "लगड म्हणजे पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, सगळं एकत्र वितळवलेलं ना? आणि दुसऱ्यांचंही?"

हो म्हटलं.

"मग त्यातली सासूबाईंची कुठली, ते कसं ओळखायचं?"