कास्त्रो गेले, पण पांढरं कार्ड?

प्रश्न : २००६ साली फिडेल कास्त्रो आजारी पडल्याचं कळताच मायामीतले क्युबन रस्त्यावर उतरून नाचले. २००८मध्ये त्यांनी खरंच पद सोडलं, तेव्हा मात्र सामसूम. असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ३१ जुलै २००६ला सत्ता ‘तात्पुरती’ धाकट्या भावाकडे, राऊलकडे गेली. फिडेल आता वाचत नाहीत, असं धरून लिटल हवानात, म्हणजे मायामीतल्या क्युबन वस्तीत, ताटल्या-पातेली वाजली. पण पुढे दीड वर्षात काहीच कोसळलं नाही. १९ फेब्रुवारी २००८ला फिडेलनी आपण अध्यक्षपद घेणार नसल्याचं जाहीर केलं आणि पाचच दिवसांनी राऊल रीतसर अध्यक्ष झाले. घर तेच, दारावरची पाटी तेवढी बदलली.

शिवाय मायामीतल्या माणसाची निम्मी अडचण वॉशिंग्टनमध्ये होती. २००४च्या अमेरिकी नियमांनुसार क्युबातल्या नातेवाइकांना तीन वर्षांतून एकदाच भेटता येई, तेही परवाना काढून, जास्तीत जास्त १४ दिवस. सामान ४४ पौंड. पैसे एका घरामागे तीन महिन्यांना ३०० डॉलर. आणि ‘कुटुंब’ म्हणजे आजी-आजोबा, आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, नातवंडं. मावशी, काका, चुलत भाऊ त्यात नाहीत. मावशीनंच वाढवलं असलं तरी नाहीत. गेल्या वर्षी जाऊन आलात आणि यंदा वडील अत्यवस्थ झाले, तर त्यालाही सवलत नव्हती. वर क्युबात डॉलर बदलताना दंड आणि दर मिळून १०० डॉलरचे हातात सुमारे ८० परिवर्तनीय पेसो (डॉलरशी बांधलेलं क्युबाचं तेव्हाचं चलन) पडत.

प्रश्न : मग कुटुंबांसाठी बदल झाला तरी कधी?

उत्तर : दोन तारखा धरा. पहिली २००९ : ओबामा सरकारनं नातेवाइकांच्या भेटी आणि पैशांवरच्या या मर्यादा उठवल्या. दुसरी १४ जानेवारी २०१३ : क्युबानं देश सोडायचा परवाना रद्द केला. याला लोक ‘तार्हेता ब्लांका’, म्हणजे पांढरं कार्ड म्हणत. त्याआधी पासपोर्ट, परदेशातून आलेलं निमंत्रणपत्र, नोकरीच्या ठिकाणचं ‘सोडतो’ असं पत्र आणि मग हे कार्ड, अशी साखळी होती. एक कडी अडली की सगळं अडलं. डॉक्टरांचं तर वर्षानुवर्षं अडे.

२०१३नंतर क्युबाच्या बाजूनं बहुतेकांना पासपोर्ट पुरू लागला. पण त्याचं शुल्क ५५वरून १०० परिवर्तनीय पेसो झालं, आणि तेव्हा सरासरी सरकारी पगार महिन्याला वीसेक डॉलरचा. म्हणजे तो पासपोर्टही बहुधा मायामीच्याच पैशानं निघणार. अमेरिकेचा व्हिसा ही वेगळीच गोष्ट; ‘आता बाहेर पडता येतं’ याचा अर्थ ‘आत घेतात’ असा अनेकांनी लावला आणि तिकिटाचे पैसे अडकवून बसले. परदेशी राहण्याची मुदतही ११ महिन्यांवरून २४वर गेली. ती उलटली की माणूस स्थलांतरित ठरायचा.

घरांचंही बघा. नोव्हेंबर २०११पासून क्युबात घराची खरेदी-विक्री कायदेशीर झाली, पण तिथल्या रहिवाशांपुरती. साहजिकच मायामीचा पैसा भाच्याच्या नावानं घरात गेला. भाचा फिरला तर कागदावर मालक तोच. हा प्रकार आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको!

परत जाणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा पासपोर्टवर होतो. १९७० संपल्यानंतर क्युबा सोडलेल्यांना, अमेरिकी नागरिक झाले तरी, प्रवेशासाठी क्युबाचाच पासपोर्ट लागतो. तो सहा वर्षांचा असे, पण दर दोन वर्षांनी मुदतवाढ घ्यावी लागे. ती विसरली की विमानतळावरूनच परत. १ जुलै २०२३पासून तो प्रौढांसाठी दहा वर्षांचा झाला आणि मुदतवाढ गेली.

प्रश्न : आता दोन्ही कास्त्रो पदावर नाहीत. मग अमेरिकी निर्बंध का उठत नाहीत?

उत्तर : हे निर्बंध १९९६च्या हेल्म्स-बर्टन या अमेरिकी कायद्याला बांधलेले आहेत. ते उठण्यासाठी क्युबाच्या नव्या सरकारात फिडेल आणि राऊल नसावेत, अशी त्यात अट आहे. फिडेल २०१६मध्ये वारले; राऊलनी २०१८मध्ये अध्यक्षपद आणि २०२१मध्ये पक्षाचं प्रमुखपद सोडलं. पण त्याच कायद्यात राजकीय कैद्यांची सुटका, पक्षांना मोकळीक, राज्य सुरक्षा विभागाचं (म्हणजे गुप्त पोलिसांचं) विसर्जन आणि १८ महिन्यांत निवडणुका हेही आहे. म्हणून संपूर्ण व्यापारबंदी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना एकट्याच्या सहीनं उठवता येत नाही. भेटी आणि पैशांचे नियम मात्र त्यांच्या प्रशासनाच्या हातात असतात. त्यामुळेच २०१९मध्ये नातेवाइकांना पैसे पाठवण्यावर तीन महिन्यांना १,००० डॉलरची मर्यादा आली आणि २०२२मध्ये गेली; या काळात हवानात कुणी निवडणूक हरलं-जिंकलं नव्हतं.