छोट्या गावातला पाळक रविवार सोडून आठवडाभर काय करतो?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचंय, घरात सगळे धास्तावलेत आणि आई एकच विचारते आहे, "रविवारचा तास सोडला तर हा आठवडाभर करणार काय, आणि खाणार काय?" मी दापोली तालुक्यातल्या एका लहान मंडळीचा, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या घरांचा, पाळक आहे. या कामात सतरा वर्षं झाली. आईंचा प्रश्न रास्त आहे. माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या बोलणीत अगदी हाच विचारला होता.

खाण्याचं आधी सांगतो, कारण घरच्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. आमच्या मंडळीत २६ घरं आहेत. मला महिना ९,००० रुपये मानधन मिळतं, राहायला मंडळीचं जांभ्याचं घर आहे, विजेचं बिल मंडळी भरते. पत्नी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मुलीची फी, किराणा, माझ्या आईची औषधं हे सगळं तिच्या पगारातून होतं. "पाळकसाहेब घर चालवतात" असं कुणी म्हटलं तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो. परदेशातून पैसे येतात का, हे आम्हाला एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो. आमच्याकडे येत नाहीत. दर महिन्याचं अर्पण आणि खर्च कागदावर लिहून चर्चच्या दाराशी लावलेला असतो, कुणीही वाचावा. भावाला हे स्पष्ट सांगा: लग्न करताना समोरच्या मुलीला पहिल्याच भेटीत हा आकडा सांगायचा, दुसऱ्या भेटीपर्यंत थांबायचं नाही.

आता कामाचं. आठवडाभर काय करतो हे मला स्वतःला नीट कळलं ते २०२० साली, कारण त्या वर्षी रविवारच राहिला नव्हता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चर्चला कुलूप पडलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगड उभे-आडवे झोडपून गेलं. दुपारी आम्ही तिघं आणि आई स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बसलो होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर चर्चचे पत्रे समोरच्या सुपारीच्या बागेत, आणि ती बागही आडवी. आत बाकांवर पाऊस पडत होता. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. म्हणजे आठ महिने उपासना नाही, आणि वादळानंतरचे काही आठवडे वीज नाही, फोनला रेंज नाही.

तेव्हा मी रोज सकाळी निघायचो आणि एकेक घर गाठायचो. कुणाची कौलं उडालेली, तर दोघं मिळून ताडपत्री बांधायची. कुणाच्या आजीची रक्तदाबाची गोळी संपलेली. एका घरी नव्वदीच्या पुढची पणजी, तिला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी मोठ्यानं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचावं, कारण नातवाचा फोन बंद पडला होता आणि त्यातच तिचं शास्त्र होतं. मी ओसरीवर उभा राहून, तोंडाला रुमाल बांधून वाचायचो. त्या आठ महिन्यांत मी एकदाही व्यासपीठावर उभा राहिलो नाही आणि सतरा वर्षांतलं सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यांत झालं. म्हणून आईंना माझं उत्तर असं आहे: रविवार काढून घेतला तरी काम तेवढंच उरतं.

एरवीचा दिवस असा. पहाटे साडेचारला उठतो. पत्नीची पहिली पाळी असेल तर तिचा डबा मी करतो, भाकऱ्या मात्र आईच्या. नंतर वही घेऊन बसतो. वहीत सव्वीस घरांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे त्या घरानं सांगितलेली गोष्ट. कुणाचं कर्ज, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुंबईला गेलेला आणि महिनाभर फोन न केलेला मुलगा. रोज चार-पाच घरं प्रार्थनेत घेतो, म्हणजे आठवड्यात सगळी होतात. मग भेटी. आमची घरं एका जागी नाहीत. चार हर्णैच्या बाजूला, तीन पार खाडीकडे, काही शहरात. स्कूटरवर दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर सहज होतात. कृषी विद्यापीठात ईशान्येकडची काही मुलं शिकायला आहेत, ती उपासनेला येतात आणि त्यांना सगळ्यात जास्त आठवण जेवणाची येते. हर्णै बंदरात नेपाळी खलाशी आहेत, त्यांच्यातले तिघं-चौघं ख्रिस्ती आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते गावी जातात. ऑगस्टमध्ये परत आले की मी बंदरावर जाऊन माणसं मोजतो. एक वर्ष एक जण कमी होता. तो घरीच थांबला होता, पण ते कळेपर्यंतचे दोन दिवस मला आठवतात.

प्रवचन याच फिरण्यात तयार होतं. बुधवारपर्यंत उतारा ठरलेला असतो, पण तो कुणाच्या कानावर पडणार आहे हे भेटींतूनच समजतं.

सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, न शिकवलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे भावाला अंदाज येईल. जुलैची गोष्ट. मंडळीतले एक काका, गिरणीतली नोकरी संपवून गावी परतलेले, रात्री गेले. मुलगे मुंबईहून निघाले, पण पावसानं गाडी रखडली आणि खेडला उतरायलाच त्यांना दुपार झाली. आमची दफनभूमी उतारावर आहे. खाली जांभा, पहारीनं फोडावा लागतो. सकाळपासून सहा जण खणत होते, त्यातले दोघंच ख्रिस्ती. बाकीचे वाडीतले. खड्डा जितका खोल जाई तितका पाण्यानं भरे. शेवटी शेजारच्या वाडीतल्या मुसलमान काकांनी आपल्या बागेतला पंप आणून लावला, आणि एका कुणबी घरातून भाताच्या पेंढ्याचे भारे आले. गुरांसाठी राखलेला पेंढा होता तो, पावसाळ्यात त्याची किंमत कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तो आम्ही तळाला अंथरला.

दफनविधीची प्रार्थना मला पाठ होती. पण काकू जवळ आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "पाळकसाहेब, आत पाणी नाही ना?" मी म्हटलं, "नाही काकू, कोरडं आहे. मी उतरून बघितलंय." खरंच उतरलो होतो. आजही त्यांच्याकडे गेलो की चहा देताना त्या एकदा तरी म्हणतात, "कोरडं होतं ना तेव्हा." त्या दिवशी मी पुनरुत्थानावर बोललो होतो आणि त्यातला शब्द न् शब्द मी मनापासून मानतो. काकूंना तो शब्द पोचला तो त्या पेंढ्यावरून.

उलटंही घडलंय. पहिल्याच वर्षी एका तरुण जोडप्याचं बाळ गेलं. मी गेलो आणि देवाच्या इच्छेबद्दल बोलत राहिलो. त्या आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बायबलमधलं वचन खरं होतं, पण त्या घटकेला मी ते तिला दगडासारखं मारलं. त्यानंतर दोन वर्षं ती चर्चला आली नाही. मी जाऊन माफी मागितली. ती काही बोलली नाही, फक्त पाणी दिलं. आता अशा घरी गेलो की मी बसतो. कुणी विचारलं तरच बोलतो. त्या बाळासाठी आम्ही सगळ्यांनी अकरा दिवस प्रार्थना केली होती. ती का ऐकली गेली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहाटे वही उघडतो तेव्हा ते नाव अजून वहीत आहे. देवासमोर हा प्रश्न घेऊन बसायला मला लाज वाटत नाही. बायबलमधल्या स्तोत्रांतही माणसं हेच विचारत बसलेली आहेत.

आनंदाचंही सांगायला हवं, नाहीतर तुमची आई अजून घाबरेल. भातकापणी झाली की आमच्याकडे कापणीचा सण असतो. लोक नवं भात, नारळ, सुपारी, कोहळे, कोंबडा, घरची अंडी, जे असेल ते वेदीजवळ आणून ठेवतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव. गेल्या वर्षी एका आजीनं एकच नारळ आणला होता, वादळातून वाचलेल्या एकुलत्या माडाचा. बोली वीस रुपयांवर सुरू झाली. एकानं शंभराला घेतला आणि "परत लिलावात घ्या" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्यानं दीडशेला घेतला, परत ठेवला. असा तो नारळ सात वेळा विकला गेला. शेवटी तो घेतला खलाशांनी वर्गणी काढून, आणि नेऊन दिला आजीच्याच हातात. आजी पदर तोंडाला लावून बसली होती. त्या पैशांतून चर्चच्या दारांना रंग झाला. नाताळात मुंबईचे चाकरमानी येतात, चर्च भरतं, करंज्या-चकल्यांची ताटं वाडीभर फिरतात, पण मला विचाराल तर आमचा खरा सण हाच.

शेजाऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण छोट्या गावात तो मोठा भाग आहे. गणपतीत शेजारच्या वहिनी मोदक आणतात आणि दारातच सांगतात, "नैवेद्य दाखवायच्या आधीच तुमचे बाजूला काढून ठेवलेत हो." आम्ही मागितलं नव्हतं. देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. शिमग्यात पालखी आमच्या अळीतून जाते. मी पूजेला बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खांदेकऱ्यांसाठी पाण्याचा हंडा आणि सरबत आमच्या अंगणात असतं. काही ख्रिस्ती भावांना हेसुद्धा पटत नाही, त्यांचं मन मी मोडत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावं, एवढं मला ख्रिस्ताकडून स्पष्ट कळलंय.

कधीमधी कुणी म्हणतं, तुमचा धर्म बाहेरचा. स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले ते १८२३ साली, हे खरं आहे. पण आम्ही रविवारी पेटी-तबल्यावर जी भजनं म्हणतो त्यांतली कितीतरी कवी नारायण वामन टिळकांची आहेत. ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या भजनाला अभंगाची चाल आहे. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती भजनं तोंडपाठ होती आणि जात्यावर ती तीच म्हणायची.

मुलगी आता आठवीत आहे. पाळकाची मुलगी म्हणून तिच्यावर सव्वीस घरांचे डोळे असतात. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, माझ्या गोष्टी प्रवचनात सांगू नका." मी शब्द दिला, तो पाळतो, म्हणून इथेही तिचं जास्त लिहीत नाही. पत्नीची एकच अट आहे: सोमवारी संध्याकाळी फोन तिच्याकडे द्यायचा. कुणी मरणाच्या दारात असेल तर ती मला सांगते, बाकी सगळं मंगळवारी. ही अट आम्ही लग्नानंतर सहा वर्षांनी घातली, तोपर्यंत ती बरीच थकली होती. भावाला सांगा, पहिल्या आठवड्यापासून घाल.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली. शिकवणं इंग्रजीतून असतं, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय आत्तापासून लावावी लागेल. आणि त्याबरोबर मराठीतून मोठ्यानं वाचायचीही, कारण पुढे वाचायचं आहे ते ओसरीवर.

पण त्याआधी त्याला आमच्याकडे पंधरा दिवस पाठवा. नाताळात नको, तेव्हा सगळं छान दिसतं. जुलैत पाठवा. खेडला उतरून दापोलीची एसटी पकडायची, स्टँडवर मी घ्यायला येतो. रेनकोट आणि रबरी चपला आणाव्यात, बुटांचा इथे उपयोग नाही. राहणं-जेवण आमच्याकडे. आईंनाही यायचं असेल तर जरूर या, माझ्या आईला बोलायला कुणीतरी हवंच असतं. आणि पाळकाशी लग्न करून घर कसं चालतं, हे आईंना माझ्यापेक्षा माझी पत्नी जास्त खरं सांगेल. फक्त तिची रात्रपाळी नसेल तो आठवडा बघून तारीख ठरवू.